अतिवृष्टीत कॉलेजला परतताना : प्रवास, पुराचे पाणी आणि लेप्टोस्पायरोसिस

लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठामुळे माणगाव तालुक्यात बाहेरगावची बरीच मुले शिकायला असतात. सुट्टी संपवून ती ताम्हिणी घाटातून, मुंबई-गोवा महामार्गाने किंवा कोकण रेल्वेने परततात. पावसाळ्यात या प्रवासाला दोन धोके असतात. वाहत्या पाण्याचा धोका डोळ्यांना दिसतो. दुसरा धोका म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा संसर्ग. तो काही दिवसांनी, मूल हॉस्टेलवर एकटे असताना समोर येतो.

निघावे की थांबावे?

हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर प्रवास पुढे ढकला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणीही माणसाला पाडू शकते आणि दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलावरून पाणी जात असेल तर ते ओलांडू नका. पालकांनीही "आज पोहोचच" असा आग्रह धरू नये.

लेप्टोस्पायरोसिस कसा होतो?

उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायावरची जखम, भेगा किंवा डोळे, नाक, तोंड यांवाटे ते शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती.

पाण्यातून चालावे लागले तर

• पोहोचताच साबणाने पाय स्वच्छ धुऊन कोरडे करा.
• जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.
• ताप येण्याची वाट न पाहता, शक्यतो २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. गरजेनुसार ते डॉक्सिसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी देतात. किती आणि किती दिवस, हे जखम आहे का व पाण्याशी संपर्क किती झाला यावर ठरते. गरोदर महिला आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते.
• ही गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका.
• पिण्याचे पाणी उकळूनच प्या.

कोणती लक्षणे पाहावीत?

लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी, कधी महिन्याभरानेही दिसतात : अचानक थंडी-ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे. प्रतिबंधक गोळी घेतली असली तरी ताप आल्यास तपासणी करून घ्या. "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यातून आलो होतो" हे आवर्जून सांगा. निदान त्यामुळे लवकर होते. तोवर तापासाठी पॅरासिटामॉल चालेल, पण अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा.

पालकांनो, मूल पोहोचल्यावर "जेवलास का?" याबरोबर "पाण्यातून चालत गेलास का?" हेही विचारा. उत्तर हो असेल तर पुढचे दोन आठवडे रोज तब्येतीची चौकशी करा.