बाळाच्या वाटीत काय घालायचे, हे ठरवतो कोण?

अंगणवाडीत अंडे द्यावे की केळे, असा वाद निघाला की बहुतेक लोक तो आहारशास्त्राचा वाद समजतात. तो तसा नाही. लहान मुलांना कुपोषणापासून वाचवायला कोणते पूरक अन्न चांगले, हे तपासण्याचे काम जगभर आणि आपल्या देशातही गेली पन्नास-साठ वर्षे चालू आहे आणि बरीचशी उत्तरे मिळालेली आहेत. तरीही गरिबाच्या मुलाच्या वाटीत काय पडायचे ते या उत्तरांवरून ठरले नाही. ते ठरवले ठेकेदारीने आणि सोवळ्याने. हा आरोप करायचा तर इतिहास समोर ठेवला पाहिजे.

आपल्या समाजाचा अन्नाशी संबंध हा शतकानुशतके 'वाढणाऱ्या' आणि 'मागणाऱ्या' यांचा होता. येसकराने पाळीवर गावात फिरून शिळी भाकर गोळा करायची आणि तिच्यावर घरातली पोरे वाढवायची. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, तेव्हा ते आहाराचा सल्ला देत नव्हते. अन्न हे दान म्हणून घ्यायचे की हक्काने मिळवायचे, हा प्रश्न ते मांडत होते. पुढच्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर बाईला मिळणारी विश्रांती ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, असे सांगितले. मुलाचे पोषण आईच्या पोटात सुरू होते, ही गोष्ट आज प्रत्येक सरकारी पत्रकात असते. 1928 मध्ये ती मांडायला मजुरांच्या बाजूचा माणूस लागला. त्याच्याही आधी, 1877 च्या दुष्काळात, जोतीराव आणि सावित्रीमाई धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमात उपाशी लेकरांना जेवू घालत होते. महाराष्ट्रातल्या बालपोषणाचा इतिहास लिहिताना ही पाने कोणी उलटत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या 47 व्या कलमाने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. पण काय खायला घालायचे? त्या काळात जगभर प्रथिनांचा बोलबाला होता. गरीब देशांतली मुले प्रथिनांच्या अभावाने खुरटतात, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ मिसळून 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले. मग बिहारच्या 1966-67 च्या दुष्काळाच्या सुमारास 'बालाहार' आला.

या समजुतीला धक्का दिला तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांना चौदा महिने रोज एक साधे पूरक अन्न दिले: गव्हाचे पीठ, साखर, तेल. त्यात 310 कॅलरी होत्या आणि प्रथिने फक्त 3 ग्रॅम. तरीही ते खाणारी मुले न खाणाऱ्यांपेक्षा उंचीने आणि वजनाने जास्त वाढली. हे निष्कर्ष 1973 साली छापून आले. म्हणजे मुले घरी जे खात होती तेच मुळात अपुरे होते. पुण्याचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हेही याच मताचे होते: पोटभर जेवण मिळाले तर साध्या डाळ-धान्यातूनही प्रथिनांची गरज बरीचशी भागते. 1974 मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रथिनपुराणाला 'महाफजिती' ठरवले.

साध्या भाषेत सांगायचे तर रोगाचे नाव उपासमार होते. ते नाव घेतले की जमीन, मजुरी आणि जात हे विषय निघतात. 'प्रथिनांची कमतरता' म्हटले की फक्त डबा काढून द्यावा लागतो. म्हणून डबा लोकप्रिय झाला, असे मला वाटते.

तेल आणि साखरेचे महत्त्व इथेच समजून घेतले पाहिजे. वर्षाच्या बाळाचे पोट वाटीएवढे. पातळ पेज त्याला पाजली तर पोट पाण्याने भरते आणि ताकद मात्र मिळत नाही. त्याला थोडक्या घासात जास्त ऊर्जा हवी, म्हणजे तेल-तूप हवे, आणि ते दिवसातून चार-पाच वेळा भरवायला माणूस हवे. आई सकाळी मजुरीला गेली तर चार-पाच वेळा भरवणार कोण?

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. रोज 300 कॅलरी आणि 8 ते 10 ग्रॅम प्रथिने असे माप ठरले. 2009 मध्ये ते 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम झाले, तीव्र कमी वजनाच्या मुलाला 800 कॅलरी. पण अंगणवाडीत चालत येते ते तीन वर्षांचे मूल, आणि खुरटणे घडते ते पहिल्या दोन वर्षांत. म्हणून तीन वर्षांखालच्यांसाठी घरी न्यायचा शिधा आला. महाराष्ट्रात तो पाकिटातून आला: शिरा, उपमा, सुकडी. पाकीट घरी गेले की चार भावंडांत वाटले जाते. चव न आवडल्याने ते कोंबड्या-गुरांपुढे जाते, हेही वर्षानुवर्षे बातम्यांत येत राहिले.

या पाकिटांमागे पैसा होता. 'भोजनाच्या हक्का'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 रोजी अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळे यांना काम द्या, असे बजावले. आपल्या राज्यात यातून काय निघाले? महिला मंडळाच्या पाट्या लागल्या आणि मागे कारखाने चालू राहिले. न्यायालयाच्या आयुक्तांच्या बाजूने झालेल्या चौकशीतही हेच पुढे आले. 2016 ची सुमारे 6,300 कोटींची निविदा 26 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण अटीच अशा होत्या की खरा बचत गट दारातही उभा राहू शकत नव्हता. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत आदिवासी लेकरे मेली, त्यानंतर मेळघाट गाजला. या सगळ्या काळात ज्यांच्या घरची पोरे जात होती त्यांच्या बायकांना शिजवण्याचे काम मात्र मिळाले नाही.

मधल्या काळात पेस्ट आली. शेंगदाणे, दूधपावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांची ती फ्रान्समध्ये 1996 मध्ये तयार झाली. 92 ग्रॅमच्या पुडीत 500 कॅलरी. 2009 मध्ये भारत सरकारने युनिसेफने आणलेला साठा परत पाठवायला लावला. इथे आपल्यातल्या काही मंडळींशी माझे मतभेद आहेत. पेस्ट म्हणजे केवळ परदेशी कंपनीचा डाव, असे म्हणून भागत नाही. अतितीव्र कुपोषित मुलाला ती वाचवते. प्रतिबंधासाठीच्या 20 ग्रॅमच्या छोट्या मात्रेवरही 14 चाचण्यांचा एकत्र अभ्यास 2021 मध्ये झाला आणि खुरटलेपण सुमारे 12 टक्क्यांनी कमी दिसले. फायदा खरा आहे, पण तो 12 टक्क्यांचाच आहे. औषधाला रोजच्या जेवणाची जागा देणे हा वेगळा व्यवहार आहे. विरोध त्याला हवा.

आता अंडे. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रथिने, शिवाय अ जीवनसत्त्व आणि ब-12. केळ्यात प्रथिने एक ग्रॅमच्या आसपास आणि ब-12 अजिबात नाही. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तर खुरटलेपण 47 टक्क्यांनी घटल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मलावीत तोच प्रयोग केला तेव्हा मुलांच्या वाढीत असा एकंदर फरक आढळला नाही. तिथली बाळे आधीच मासे खात होती आणि खुरटलेपणही कमी होते. म्हणजे अंडे ही जादू नाही. ज्याच्या ताटात मासे, मटण, दूध काहीच नाही त्याला त्याचा उपयोग जास्त, आणि आपल्या वस्त्या-पाड्यांवरची बहुसंख्य बाळे याच गटात मोडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 नुसार देशात सहा ते 23 महिन्यांच्या जेमतेम 11 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो. शिवाय अंड्यात पाणी घालता येत नाही आणि भुसा मिसळता येत नाही. ठेकेदाराला ते का आवडत नाही, हे वेगळे सांगायला नको.

अमृत आहार योजनेत 2016 पासून आदिवासी भागातल्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळू लागली. त्या आधीच्या वर्षी मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी अंगणवाडीत अंडे येऊच दिले नव्हते. कर्नाटकात 2021 मध्ये मठाधीश शाळेतल्या अंड्यांविरुद्ध उभे राहिले. आपल्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये शाळांत आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्याचा निधी काढून घेतला. ज्या घरांत अंडे निषिद्ध नाही त्या घरच्या मुलांचे अंडे कोणाच्या धर्मासाठी बंद होते? बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये आहाराचा आणि अस्पृश्यतेचा संबंध उलगडून दाखवला. तो ग्रंथ इतिहासाच्या कपाटात ठेवून चालणार नाही.

अन्न कोणतेही असो, ते कुठे वाढले जाते हाही प्रश्न आहे. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी 2005 मध्ये मध्यान्ह भोजनावर लिहिताना दाखवले की केंद्र सवर्ण वस्तीत असले, स्वयंपाकीण दलित असली की वाद होतात आणि पंगत वेगळी बसते. अंगणवाडी गावात असेल आणि बौद्धवाडा किंवा पाडा ओढ्यापलीकडे, तर दीड वर्षाचे मूल तिथे कोण नेणार? देशपातळीवर पाच वर्षांखालच्या अनुसूचित जातींच्या मुलांत 39 टक्के, जमातींच्या मुलांत 41 टक्के खुरटलेली आहेत. महाराष्ट्रात सर्व मुलांत हे प्रमाण 35 टक्के आहे, आणि मागच्या पाहणीत ते 34 होते.

यासाठी न्यायालयाचा आदेश आपल्या हातात आहे. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना नव्या अंगणवाड्यांत प्राधान्य दिले. सहा वर्षांखालची किमान 40 मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असेही त्यात आहे. आपल्या वस्तीतली सहा वर्षांखालची मुले मोजा, नावांची यादी करा, अर्ज प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या आणि पोचपावती घ्या. तीन महिने त्या पावतीवरच्या तारखेपासून मोजायचे.