कॅमेऱ्यापुढचं मूल आणि मागून येणारा कायदा

दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' या १९१९ सालच्या मूकपटात कथा सुरू होण्याआधी एक लहान मुलगी पडद्यावर येते. वय सात वर्षं. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात आणि मग त्याच चेहऱ्याचा बाळकृष्ण होतो. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मधला रोहिदासही त्यांच्याच घरातला होता, त्यांचा मुलगा भालचंद्र. वडील चित्रपट करणार, मुलं काम करणार आणि आई सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याचं कामही करणार, असा तो घरचाच कारखाना होता. आज मुलांचे यूट्यूब चॅनेल ज्या घरांत चालतात, तिथली मांडणी याहून फार वेगळी नाही. फरक इतकाच आणि तो फार मोठा, की मंदाकिनीला पाहणारा प्रेक्षक तिकीट काढून थिएटरात बसत होता. तिला रात्री निरोप पाठवू शकत नव्हता.

मुलाचं चॅनेल सुरू करताना आईवडिलांनी काय जपायचं, याची उत्तरं शंभर वर्षांच्या या इतिहासात विखुरलेली आहेत. जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखाद्या मुलाचं नुकसान आहे.

पहिला धडा पैशाचा होता. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) या चित्रपटातून जॅकी कूगन जगभर पोचला. त्या गोंडस पोराचं नाव घालून खेळणी, कपडे, काय काय विकलं गेलं. त्याची कमाई तीस-चाळीस लाख डॉलरच्या घरात होती, असं मानतात. २१ वर्षांचा झाल्यावर त्याला कळलं की त्यातलं फारसं काही उरलेलं नाही. वडील अपघातात गेले होते. आई आणि सावत्र वडिलांच्या हाती व्यवहार होता. १९३८ साली त्यानं दोघांना कोर्टात खेचलं. तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अज्ञान मुलाची कमाई आईवडिलांचीच धरली जाई. शेवटी जॅकीच्या हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. लोकांचा संताप इतका, की दुसऱ्याच वर्षी 'कूगन कायदा' झाला.

पण त्यातही पळवाटा होत्या. कमाई मुलाचीच आणि तिचे १५ टक्के त्याच्या नावे राखून ठेवायचे, हे स्पष्टपणे लिहिलं जायला २००० साल उजाडावं लागलं.

भारतात ही तरतूद २०१७ च्या नियमांत आली. बालमजुरी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि मिळकतीतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचे. हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे निर्माता होता, स्टुडिओ होता. दिवाणखान्यात रिंग लाइट लावून मुलीचा व्हिडिओ काढणारे बाबा नव्हते. तरीही हे आकडे घराला लागू करून पाहावेत, इतके शहाणपणाचे आहेत. रविवारी सकाळी 'अजून एकदा, जरा हसून' असं म्हणत दहावा टेक चालू असतो, तेव्हा मूल काम करत असतं. घड्याळ लावून ते थांबवणं आणि पहिल्या उत्पन्नाबरोबर त्याच्या नावाची ठेव उघडणं, दोन्ही घरातल्या घरात होण्यासारखं आहे. जाहिरातींचे पैसे यूट्यूब १८ वर्षांखालच्या मुलाला थेट देत नाही, ते मोठ्या माणसाच्या खात्यात येतात. म्हणून तर हा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा हवा.

दुसरा धडा अनोळखी नजरेचा. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढला. २०१५ साली अमेरिकेतल्या एका तीन वर्षांच्या मुलाचं खेळणी उघडून दाखवणारं चॅनेल सुरू झालं आणि तीनच वर्षांत 'फोर्ब्ज'च्या यादीत २.२ कोटी डॉलरच्या कमाईनं पहिलं आलं. जगभरच्या पोरांनी आईबापांकडे हट्ट धरला तो तेव्हापासून. त्याची दुसरी बाजू २०१९ मध्ये उघडी पडली. त्या वर्षी बातमी आली ब्राझीलमधल्या दहा वर्षांच्या एका मुलीची. तिनं मैत्रिणीबरोबर अंगणातल्या तलावात खेळतानाचा साधा व्हिडिओ टाकला होता. आईला त्यात वावगं काही वाटलं नाही. काही दिवसांत तो चार लाख वेळा पाहिला गेला, कारण यूट्यूबची शिफारस-यंत्रणा तो अशा प्रेक्षकांपुढे सरकवत होती, ज्यांना मुलींचे असेच व्हिडिओ हवे होते. मुलीनं काही चुकीचं केलं नव्हतं, आईनंही नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, मुलांच्या व्हिडिओंखाली विकृत प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांची टोळकी उघड झाल्यावर यूट्यूबनं कोट्यवधी व्हिडिओंवरच्या कॉमेंट्स बंद केल्या. सप्टेंबरमध्ये मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याबद्दल गूगलला १७ कोटी डॉलर दंड झाला. त्याचा आधार होता अमेरिकेचा १९९८ सालचा कायदा. खातं उघडताना १३ वर्षांची अट दिसते, तिचंही मूळ तिथंच. २०२० च्या जानेवारीपासून व्हिडिओ चढवताना तो 'मुलांसाठी' आहे का, हे सांगावं लागतं. 'हो' म्हटलं की कॉमेंट्स आणि वैयक्तिक माग काढणाऱ्या जाहिराती बंद होतात. उत्पन्न घटतं म्हणून काही पालक तिथं चुकीचं उत्तर देतात. ते करू नये.

म्हणून खातं आईच्या किंवा बाबांच्या नावावर असावं आणि पासवर्ड त्यांच्याच हाती. सुरुवातीचे व्हिडिओ 'प्रायव्हेट' ठेवून फक्त आजी, मामा, मावशी यांना दाखवता येतात. बहुतेक मुलांची हौस तेवढ्यावरही भागते. चढवण्याआधी चित्र थांबवून नीट पाहावं: गणवेशावरचं शाळेचं नाव, सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, मागून आलेली 'अगं, क्लासला सहाला जायचंय ना' अशी हाक. बागेतला व्हिडिओ बागेतून घरी आल्यावर चढवावा. थेट प्रक्षेपण लहान मुलांसाठी नाहीच. यूट्यूबनंही एकट्यानं ते करण्याची वयोमर्यादा २०२५ मध्ये १६ वर नेली.

तिसरा धडा अजून लिहिला जातो आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे: मुलाचा नकार. फ्रान्सनं ऑक्टोबर २०२० मध्ये १६ वर्षांखालच्या 'ऑनलाइन' बालकलाकारांसाठी कायदा केला. कामाची परवानगी आणि पैशांची ठेव त्यात आहेच, शिवाय आपले व्हिडिओ काढून टाका असं मूल स्वतः सांगू शकतं, त्याला आईवडिलांची संमती लागत नाही. इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून पालकांच्या व्हिडिओंत दिसणाऱ्या मुलांना कमाईतला वाटा मिळू लागला. या कायद्याची सुरुवात एका शाळकरी मुलीनं आपल्या सिनेटरला लिहिलेल्या पत्रातून झाली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं कूगनचा कायदा व्हिडिओ बनवणाऱ्या मुलांपर्यंत नेला. जॅकीच्या खटल्याला तोवर ८६ वर्षं झाली होती.

भारतात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२२ च्या मसुद्यात सोशल मीडियाचा उल्लेख आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली. संमती मात्र इथंही पालकांचीच. तोंडात दात नसलेला, रडका, अंघोळीचा, परीक्षेत कमी गुण पडलेला प्रसंग जगाला दाखवायचा की नाही, हे ठरवायचा अधिकार नऊ वर्षांच्या मुलाला आज घरीच देता येतो. दर काही महिन्यांनी त्याला शेजारी बसवून जुनी यादी खालपासून वर दाखवावी आणि तो ज्यावर बोट ठेवील तो व्हिडिओ त्याच वेळी, व्ह्यूज कितीही असले तरी, काढून टाकावा.