शनिवारच्या आळीतून

एकोणिसाव्या शतकातला शनिवार. पेणमध्ये तुम्ही एका तेल्याच्या पडवीत उभे आहात. शेजारचे घाणे करकरताहेत. इथला मात्र थांबलेला. बैल मोकळा, त्याची झापडं खुंटीला. घाण्याच्या काठावर कालची तिळाची पेंड चिकटून वाळली आहे. आज या घरात काम नाही, म्हणून गाव यांना शनिवार तेली म्हणतं. हे बेने इस्रायल: धर्माने यहुदी, बोलणं कुलाबा जिल्ह्याचं मराठी.

आता कुंडलिकेकाठी, रोह्याच्या अष्टमीत या. कुणाचा तरी नवस फेडायचाय. परातीत मलिदा कालवला जातोय: पोहे, गूळ, खोवलेला नारळ, वर फळं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव हिब्रूत घेतलं जातं आणि पोरांना दटावणं मराठीत.

तोवर याच समाजातली कितीतरी घरं मुंबईला गेलेली असतात, पलटणीत, कचेऱ्यांत. अमेरिकन मिशनऱ्यांच्या आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनच्या शाळांत त्यांची मुलं इंग्रजी गिरवतात. १९२४ साली मुंबईत, अशाच शिकलेल्या बेने इस्रायल घरात, निस्सीम इझिकेल जन्मतो. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात.

आता लंडन, १९४८. निस्सीमच्या बोटीचं भाडं मित्र इब्राहिम अल्काझीने दिलंय. खोली तळघरातली, खिसा रिकामा, आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाशेजारी कवितांच्या वह्या. १९५२ मध्ये तिथेच ‘अ टाइम टू चेंज’ हा कवितासंग्रह छापला जातो आणि कवी इंडोचायनाला शस्त्रं नेणाऱ्या जहाजाचा डेक घासत घरी परततो. सरोजिनी नायडूंच्या नादमय इंग्रजीनंतर ही साधी, शहरातली, स्वतःला प्रश्न विचारणारी भाषा ऐका. फरक कानालाच कळतो. भारतीय इंग्रजी कवितेतल्या या वळणाचं श्रेय एलियट-ऑडेन या कवींना देऊन अभ्यास थांबतो, याचं मला फार वाईट वाटतं. दोन भाषांत वाढलेला समाज या कवीच्या पाठीशी होता, तोही अभ्यासायला हवा.

शेवटचा मुक्काम १९७५. ‘स्नेक-स्किन’ उघडा. कविता बेळगावच्या इंदिरा संतांच्या, मराठी. इंग्रजीत आणल्यात वृंदा नाबर आणि निस्सीम इझिकेल यांनी. पुढच्याच वर्षी अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही कवितामालिका पुस्तकरूपात येते, तीही इंग्रजीत, मराठीत तितक्याच ताकदीने लिहिणाऱ्या हाताची. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि वाचायला बसा.