तिन्हीसांजेचा नेम

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. अंधुक उजेडात शिकार करायची तर रायफलीवर कोणती दुर्बीण घ्यावी? आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा जमाना संपत गेला, ते बरेच झाले. मग एका निवृत्त मास्तरला ही उठाठेव कशाला? तर या प्रश्नामागे काचेचा, प्रकाशाचा आणि माणसाच्या डोळ्याचा मोठा सुरस इतिहास दडलेला आहे, म्हणून हा प्रपंच.

रानातली जनावरे बाहेर पडतात ती तिन्हीसांजेला नाहीतर झुंजुमुंजू होताना. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा माणसाला धड दिसत नाही. जुने शिकारी नेम दिसावा म्हणून बंदुकीच्या नळीच्या टोकाला पांढरा कापूस किंवा कागद बांधत. जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो रायफलीला बसवलेल्या टॉर्चच्या उजेडात. बिबट्याचा खांदा क्षणभर दिसला, गोळी सुटली आणि त्याच वेळी टॉर्चही विझला! गोळी वर्मी लागली की जनावर नुसते जखमी होऊन निसटले, हे काळोखात त्याला कळेना. झाडावर बसून उजाडायची वाट बघण्याखेरीज उपाय नव्हता.

ही शंका साधी नव्हे. याच कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारली होती. तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले निघाले, कोणाच्या तरी जुन्या गोळीने. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली. एका चुकलेल्या नेमाची किंमत कोणी मोजली पाहा.

नेम चुकू नये म्हणून युरोपात दुर्बिणीची खटपट सुरू झाली. व्हिएन्नाच्या काह्लेस कारखान्याने १९०० च्या सुमारास रायफलीच्या दुर्बिणी बनवायला घेतल्या. पण एक अडचण होती. प्रकाश काचेत शिरताना आणि बाहेर पडताना दर पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के परत फिरतो. दुर्बिणीत पाच भिंगे म्हणजे दहा पृष्ठभाग. हिशेब केला तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळाला! भर दुपारी याची कोणाला फिकीर नसते, पण तिन्हीसांजेला तेवढाही परवडत नाही.

गंमत अशी की उपाय सापडला तो डागाळलेल्या भिंगात. इंग्लंडमध्ये डेनिस टेलर या भिंगतज्ज्ञाच्या लक्षात आले की जुन्या, हवेने काळपट पडलेल्या भिंगातून नव्यापेक्षा जास्त प्रकाश जातो. १९०४ साली त्याने काच मुद्दाम तशी करण्याचे पेटंट घेतले, पण हुकमी यश मिळेना. पुढे १९३५ साली जर्मनीत झाईस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला या युक्रेनियन शास्त्रज्ञाने निर्वात पेटीत भिंगावर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ थर चढवण्याची रीत काढली. महायुद्धाच्या काळात ही रीत लष्करी गुपित होती. आज आपल्या चष्म्याच्या काचेवर दिसणारी जांभळट-हिरवट झाक तिचीच नात म्हणायची.

आता निवडीकडे वळू. दुर्बिणीवर ८×५६ असे आकडे असतात. ८ म्हणजे आठपट मोठे दिसणार आणि ५६ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ५६ ला ८ ने भागा, आले ७. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटर रुंद. विशीतल्या माणसाच्या डोळ्यातली बाहुली अंधारात साधारण तेवढीच मोठी होते. म्हणून रात्री मचाणावर बसून रानडुकरांची वाट पाहणाऱ्या जर्मन शिकाऱ्यांची ही आवडती दुर्बीण. हरणासारखी खुरांची जनावरे तिथे सूर्यास्तानंतर दीड तासाने मारायची नाहीत असा कायदा आहे. सूट आहे ती रानडुकरांपुरती.

पण आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांचे काय? आमची बाहुली जेमतेम ५ मिलिमीटर उघडते, कित्येकांची तेवढीही नाही. मग त्या ५६ च्या भिंगातला ४० मिलिमीटरचाच भाग कामी येतो. क्षेत्रफळाने पाहिले तर जवळजवळ निम्मा प्रकाश बुबुळावर आदळून फुकट! अशा डोळ्याने त्याच भिंगाची दहा-अकरापट दुर्बीण घ्यावी, हा खरा हिशेब. अर्थात तीत दृश्य आकसते आणि हाताची थरथरही तितकीच वाढते. नेमाची उभी-आडवी रेघ मात्र जाड हवी, बारीक रेघ अंधारात दिसतच नाही. मधला ठिपका प्रकाशाचा असेल तर तो मंद करता यायला हवा, नाहीतर त्याच्याच उजेडाने बाहुली आकसते. (पक्षी बघणाऱ्या आमच्या भाचे-पुतण्यांनी दुर्बीण घेताना भागाकाराचा हा नियम लक्षात ठेवावा!)

आणखी एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही. भिंगांची कोणतीही दुर्बीण रान नुसत्या डोळ्यापेक्षा उजळ दाखवू शकत नाही. मोठे दाखवते, म्हणून ओळखू येते, इतकेच. विजेवर चालणाऱ्या रात्रदुर्बिणींची गोष्ट निराळी. काच प्रकाश निर्माण करीत नाही, आहे तो कमी सांडते. शंभर वर्षांची सारी हुशारी या 'कमी सांडण्यात' खर्च झाली.

म्हणून महागडी दुर्बीण घेतली तरी एक वेळ अशी येतेच की समोर नुसती सावली उरते. सांबर की गाय, जनावर की लाकडे वेचून परतणारी बाई, सांगता येत नाही. तेव्हा चापावरचे बोट काढून घ्यायचे. हे शहाणपण मात्र कोणत्याही कारखान्यात घासून मिळत नाही.

असो. लेख लांबला, थांबतो.