संगणकाचा दूरवापर, शालेय
विद्यापीठाच्या वा व्यापारी संस्थेच्या मोठ्या संगणकाचा, शाळेत बसविलेल्या दूरमुद्रकाद्वारे व दूरध्वनीच्या तारेवरून, विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी करून घेतलेला उपयोग. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६५ ते १९८० च्या सुमारास ही पद्धती विशेष प्रचारात होती. संगणक विकत घेणे शाळांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने दुसऱ्याचे यंत्र भाड्याने वापरणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

हा मार्ग कालविभाजन तंत्रामुळे खुला झाला. एरव्ही छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा संगणकचालकाच्या स्वाधीन करून उत्तराची वाट पाहावी लागे. कालविभाजनात संगणक अनेकांकडे आळीपाळीने, पण इतक्या त्वरेने लक्ष पुरवितो, की प्रत्येकास यंत्र आपलेच वाटते. डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्‌झ यांनी अशी प्रणाली आणि तिच्यासाठी रचलेली बेसिक ही सोपी भाषा १ मे १९६४ रोजी कार्यान्वित केली. ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे संगणकही विद्यार्थ्यांना मुक्तपणे मिळावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे आसपासच्या माध्यमिक शाळाही या प्रणालीला जोडण्यात आल्या.

डार्टमथचे यंत्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे होते. या कंपनीने लवकरच अशीच सेवा व्यापारी तत्त्वावर विकण्यास प्रारंभ केला. तेथे प्रत्येक मिनिटाला मोल होते. म्हणून विद्यार्थी आज्ञावली प्रथम कागदावर लिहीत, तार न जोडता ती दूरमुद्रकावर कागदी फितीत छिद्रित करीत आणि मगच जोडणी करून सेकंदास दहा अक्षरे या गतीने फीत आत सोडीत. यामुळे विचारपूर्वक लिहिण्याची सवय लागे, हे खरे; परंतु आज्ञावली लिहिणे चुका करीतच शिकावे लागते, आणि येथे चूक महाग होती.

सिअ‍ॅटल येथील लेकसाइड या खाजगी शाळेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील मातांच्या मंडळाने जुन्या वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून १९६८ मध्ये दूरमुद्रक व संगणकाचा वेळ भाड्याने घेतला. ही रक्कम मुलांनी अल्पावधीतच संपविली. त्यानंतर शाळेचा संबंध कॉम्प्युटर सेंटर कॉर्पोरेशन या स्थानिक व्यापारी संस्थेशी आला. तिच्या पीडीपी–१० संगणकाच्या सुरक्षाव्यवस्थेत शिरकाव केल्याबद्दल काही मुलांना वापरबंदी झाली. मात्र पुढे त्यांनाच प्रणालीतील दोष शोधण्याच्या मोबदल्यात विनामूल्य वेळ देण्यात आला. त्यांत बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन हे होते. १९७० मध्ये ती संस्था बंद पडली. नंतर पोर्टलंडच्या एका कंपनीसाठी या मुलांनी वेतनपत्रकाची आज्ञावली लिहिली, तीही संगणकाच्या वेळेच्या बदल्यात. व्यापारी संगणनाचे खरे शिक्षण त्यांना या देवघेवीतून मिळाले. मात्र असा योग सधन शाळेतील मोजक्या मुलांनाच आला, हे विसरता येत नाही.

मिनेसोटा राज्यात वेगळी वाट चोखाळली गेली. मिनीॲपोलिस–सेंट पॉल परिसरातील शालेय जिल्ह्यांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन संगणकसेवेची सामाईक संस्था उभारली. १९७३ मध्ये संपूर्ण राज्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. मिनीॲपोलिसच्या शाळेत १९७१ मध्ये दूरमुद्रकावर प्रथम खेळला गेलेला ‘ऑरेगन ट्रेल’ हा इतिहासविषयक खेळ या मंडळाच्या जाळ्यातून दूरच्या खेड्यांतील वर्गांपर्यंत पोहोचला. १९७७ मध्ये अ‍ॅपल–२ हा सूक्ष्मसंगणक बाजारात आल्यावर मंडळाने शाळांसाठी त्याची निवड केली आणि तारेवरील खेळ व पाठ क्रमाक्रमाने त्यावर उतरविले.