फिश टँकला होल मारून ओव्हरफ्लो आणि संप कसा बसवायचा? संपूर्ण माहिती

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर एखादा भारी फिश टँक दिसतो. आत ना हीटर, ना फिल्टर, ना वायरी. फक्त झाडं, मासे आणि स्वच्छ पाणी. मग बाकीचं सामान गेलं कुठे? बहुतेक वेळा ते खालच्या कपाटातल्या संपमध्ये असतं. (हा संप कामगारांचा नाही बरं का, पाण्याच्या टाकीचा!) आजच्या लेखात ही सिस्टीम कशी चालते, काचेला होल कसं मारतात आणि लाईट गेल्यावर घरात पाणी होऊ नये म्हणून कोणता हिशोब करायचा, ते पाहूया.

संप आणि ओव्हरफ्लो म्हणजे काय?

संप म्हणजे मुख्य टँकच्या खाली ठेवलेला दुसरा टँक. वरच्या टँकमधलं पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ओव्हरफ्लो बॉक्सच्या दातेरी कडेवरून सांडतं आणि पाइपमधून आपोआप खाली येतं. खाली ते स्पंज, बायो मीडिया वगैरेंमधून गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते परत वर पाठवतो.

फायदे:
- एकूण पाणी वाढतं, त्यामुळे तापमान आणि पाण्याची क्वालिटी पटकन बदलत नाही.
- वरच्या टँकची पातळी कायम सारखी राहते. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी फक्त रिटर्न पंपच्या कप्प्यात दिसतं.
- पृष्ठभागावरचा तेलकट थर सतत सांडून जातो.

सगळ्यात आधी: काच टेम्पर्ड आहे का?

हा मुद्दा अजिबात स्किप करू नका. टेम्पर्ड काचेला होल मारता येत नाही. ड्रिल लागताच तिचे बारीक तुकडे होतात. मोबाईलचा टेम्पर्ड ग्लास फुटल्यावर कसा होतो ते आठवा. बऱ्याच तयार टँकचा तळ टेम्पर्ड असतो, बाजूच्या काचा साध्या असतात. म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासायची.

टेस्ट सोपी आहे. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पूर्ण पांढरा फोटो लावा आणि स्क्रीन काचेच्या मागे धरा. समोरून पोलराइज्ड गॉगलमधून बघा आणि स्क्रीन काळी दिसेपर्यंत गॉगल फिरवा. साधी काच असेल तर सगळीकडे सारखा काळोख दिसतो. टेम्पर्ड असेल तर ठिपके, पट्टे किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. शंका असेल तर त्या काचेला हात लावू नका.

काय काय लागेल?

- टँक निपल (बल्कहेड) आणि त्याचा रबरी वायसर
- डायमंड होल सॉ
- स्पीड कमी-जास्त करता येणारी बॅटरीवरची ड्रिल
- पीव्हीसी पाइप, एल्बो, युनियन आणि एक गेट व्हॉल्व्ह
- ओव्हरफ्लो बॉक्स, मास्किंग टेप, शाडू माती
- डोळ्यांना चष्मा, हातात ग्लोव्हज

टँक निपल आधी घ्या, होल सॉ नंतर. "१ इंची" निपलला १ इंचाचं होल पुरत नाही. आटे असलेल्या भागाचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यापेक्षा किंचित मोठं होल ठरवा. कंपनीनुसार हे माप बदलतं.

होल कुठे मारायचं?

होलच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान एका होलच्या व्यासाइतकं अंतर ठेवा. होल ४५ मिमीचं असेल तर कमीत कमी ४५ मिमी. दोन होलमध्येही तेवढंच अंतर हवं. नवशिक्यांसाठी मागच्या काचेचा वरचा भाग चांगला. तिथे गळती झालीच तर होलच्या वरचंच पाणी जातं. तळाला होल असेल तर अख्खा टँक रिकामा होऊ शकतो.

होल मारायच्या स्टेप्स

१. टँक पूर्ण रिकामा करा. शक्य असेल तर होल मारायची काच वर येईल असा आडवा, गादीवर किंवा थर्माकोलवर ठेवा.
२. दुसऱ्या बाजूने मास्किंग टेप लावा, म्हणजे कापलेली चकती खाली पडणार नाही.
३. खुणेभोवती शाडू मातीचं आळं करून त्यात पाणी भरा. पाण्यामुळे काच गरम होत नाही आणि काचेची धूळ उडत नाही.
४. ड्रिलचा हॅमर मोड बंद आहे ना, ते दोनदा बघा. हॅमरने काच हमखास तडकते.
५. ड्रिल थोडी तिरकी धरून हळू स्पीडवर आधी खाच पाडा, मग सरळ करा. किंवा होल असलेली प्लायची पट्टी गाईड म्हणून क्लॅम्प करा.
६. दाब देऊ नका. ड्रिलचं वजनच पुरेसं आहे. पाणी पांढरं झालं की बदला.
७. शेवटच्या मिलिमीटरला स्पीड आणि दाब अजून कमी करा. कडेचे टवके बहुतेक इथेच उडतात.

निपल बसवताना वायसर डोक्याच्या बाजूला, म्हणजे टँकच्या आत येऊ द्या. नट हाताने घट्ट करा आणि वर साधारण पाव फेरा. पाना लावून जोर काढला तर काच तडकेल.

एक पाइप की दोन?

एकाच पाइपमध्ये गोगलगाय किंवा पान अडकलं तर पाणी जमिनीवर येणार. म्हणून निदान दोन होल मारा. हर्बी पद्धतीत मुख्य पाइप पूर्ण पाण्याखाली असतो आणि त्याला गेट व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह सेट केला की पाइपमध्ये हवा शिरत नाही, त्यामुळे गुडगुड आवाज येत नाही. दुसऱ्या पाइपचं तोंड वर असतं. तो इमर्जन्सीसाठी, त्याला व्हॉल्व्ह लावायचा नाही. बीन अॅनिमल पद्धतीत तीन पाइप असतात, त्यामुळे सुरक्षितता अजून वाढते.

लाईट गेली तर? हा हिशोब कराच

समजा टँक १२० × ४५ × ४५ सेंमी आहे. त्यात १ सेंमी पाणी म्हणजे ५.४ लिटर.

*पंप बंद पडला तर:* पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत उतरतं. शिवाय रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली असेल तर सायफन होऊन त्या पातळीपर्यंत पाणी खाली येतं. तोंड ३ सेंमी खाली असेल तर साधारण १६ लिटर. पाइप आणि बॉक्समधलं धरून २० लिटर समजा. ७५ × ३५ सेंमीच्या संपमध्ये यामुळे पातळी जवळपास ८ सेंमी वाढते. म्हणजे संप चालू असताना त्यात ८ सेंमीहून जास्त जागा रिकामी हवी.

*ओव्हरफ्लो तुंबला तर:* रिटर्न कप्प्यातलं सगळं पाणी वर जातं. कप्पा २५ × ३५ सेंमी आणि पाणी २० सेंमी असेल तर १७.५ लिटर, म्हणजे वर सव्वातीन सेंमी वाढ. टँकच्या काठाशी तेवढी जागा आहे का, बघा.

चेक व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका. क्षार किंवा शेवाळ अडकलं की तो नीट बंद होत नाही.

मासे सोडण्याआधी

- टँक २४ तास भरून ठेवा. निपलभोवती टिश्यू पेपर फिरवा, ओला झाला की गळती कळते.
- सिस्टीम चालू करा आणि मुद्दाम स्विच बंद करा. पाणी थांबल्यावर संप भरून वाहत नसेल तर पास. चालू असतानाच्या पातळीवर मार्करने खूण करा आणि कधीच त्याच्या वर पाणी भरू नका.
- एक्सटेन्शन बोर्ड कपाटात वर लावा. वायर आधी खाली लोंबून मग बोर्डात जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तमच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पंप केवढा घ्यावा?*
गोड्या पाण्यासाठी तासाला टँकच्या ४ ते ६ पट पुरतो. वरच्या टँकमध्ये सुमारे २२० लिटर पाणी धरलं तर तासाला ११०० लिटरच्या आसपास. मात्र बॉक्सवरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्या उंचीला किती पाणी मिळतं, ते पंपच्या चार्टमध्ये बघा.

*होल न मारता संप लावता येतो का?*
काठावर टांगायचा सायफन ओव्हरफ्लो मिळतो. पण लाईट जाऊन आल्यावर सायफन तुटलेला असेल तर पंप वर पाणी भरतच राहतो. जिथे वरचेवर लाईट जाते तिथे हा धोका मोठा.

*स्वतः होल मारायची भीती वाटते, काय करू?*
नवीन टँक बनवत असाल तर जोडणीआधीच काचवाल्याकडून होल मारून घ्या. आरसे आणि शेल्फच्या काचांना ते रोज होल मारतात. तडकलीच तर एक काच जाईल, अख्खा टँक नाही.