शिकाऊ परिचारिकेची भाकरी

नर्सिंगला निघालेल्या मुलीसाठी शिफारसपत्र मागायला येणारे पालक शुल्काचा हिशेब करून आलेले असतात. तीन-चार वर्षांच्या खानावळीचा मात्र क्वचितच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने हाच हिशेब आधी केला होता.

क्रिमियाच्या युद्धातील तिच्या सेवेच्या गौरवार्थ १८५५ पासून इंग्लंडात निधी जमू लागला. तो सुमारे ४५,००० पौंडांपर्यंत पोहोचला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका विद्यालय उघडले. पहिल्या तुकडीत पंधराजणी होत्या. शिक्षण वर्षभराचे. निवास, जेवण, गणवेश, एवढेच काय, कपड्यांची धुलाईसुद्धा निधीतून होई. शिवाय वर्षाकाठी १० पौंड हाती पडत. म्हणूनच सामान्य घरची मुलगी तेथे पाऊल ठेवू शकली.

ही खैरात नव्हती, हे सांगायलाच हवे. शिकता शिकता ती वॉर्डात राबत असे आणि पुढची काही वर्षे समिती धाडील त्या रुग्णालयात काम करण्यास बांधलेली असे. नंतर सधन घरच्या विद्यार्थिनीही येऊ लागल्या. त्या आपल्या जेवणाखाण्याचा खर्च स्वतः भरत. आणि मेट्रनची खुर्ची बहुधा त्यांच्याच वाट्याला येई.